दीडपट वेगाने पाहिलेल्या सिनेमावर मत देऊ नका

सिनेमा कसा वाटला विचारलं की हल्ली हमखास हेच ऐकू येतं, "स्लो आहे रे, दीडपट स्पीडवर संपवला." संपवला! आणि वर पाचपैकी दोन स्टार. संताप होतो माझा. बोलपट आले आणि सेकंदाला 24 फ्रेम हा वेग पक्का झाला, तेव्हापासून दिग्दर्शक आणि संकलक त्याच हिशोबाने एकेक शॉट कापत आलेत. उत्तर देण्याआधी एखादी नटी चार सेकंद गप्प राहते, ते चार सेकंद कुणीतरी एडिटिंगच्या टेबलावर विचार करून राखलेले असतात. तुम्ही ते तीनच्याही आत उरकता, त्यातही नजर मोबाइलवर, आणि मग म्हणता पात्रांशी कनेक्ट झालो नाही. कसे होणार? ज्या शांततेत ते नातं जुळतं तीच तुम्ही गाळलीत. पार्श्वसंगीताची लय मोडते ते वेगळंच. नाही आवडला तर अर्ध्यावर सोडा, खुशाल सोडा, आणि तसं स्पष्ट सांगा. पण मी शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलायला आसुसलेला असतो आणि समोरच्याला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही, मग बोलायचं तरी कशावर?