आत्या प्रभुभोजन घेत नाही

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. बाकांवरून ट्रे पुढे सरकतो आणि त्यातले द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे काचेचे पेले एकमेकांवर किणकिणत राहतात. माझी आत्या तो ट्रे दोन्ही हातांनी धरते आणि एकही पेला न उचलता माझ्याकडे देते. नऊ वर्षं झाली. आजूबाजूच्या बायकांना वाटतं, शुगर असेल. मलाही तसंच वाटायचं.

खरं कारण तिने मला यंदाच्या पावसाळ्यात सांगितलं. खारेगावहून ठाण्याला येताना कळव्याच्या पुलावर आमची रिक्षा अडकली होती, खाली खाडी तुडुंब भरलेली. दादा, म्हणजे तिचा मुलगा, गेला त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ती ओरडली होती, ‘कसला पवित्र आत्मा, सैतान आहे तो, माझं पोर खाल्लं त्याने.’ दादा एकोणीस वर्षांचा होता. पुढे दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा होती. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं, तिसऱ्या अध्यायातलं 29वं वचन काढलं आणि आवाज चढवून सांगितलं, की पवित्र आत्म्याविरुद्ध जो बोलला त्याला क्षमा नाही, कधीच नाही. आत्याने तिथेच स्वतःचा निकाल लावून टाकला. मला म्हणाली, ‘माझं संपलंय गं पोरी. मी आपली तुमच्यासाठी येते चर्चला.’

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्या दिवशी त्या घरात एकानेही पान उलटून पुढचं वचन वाचू नये?

तिसाव्या वचनात मार्क स्वतःच कारण देतो: त्याला, म्हणजे येशूला, अशुद्ध आत्मा लागला आहे, असं ते म्हणत होते म्हणून. ‘ते’ म्हणजे यरुशलेमहून आलेले शास्त्री. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो त्याप्रमाणे एक भूतग्रस्त, आंधळा आणि मुका माणूस येशूच्या हातून नुकताच बरा झाला होता, पाहू-बोलू लागला होता. लोक थक्क झाले होते. आणि धर्मशास्त्र तोंडपाठ असलेली, लोकांवर वजन असलेली ही माणसं म्हणत होती, हा भुतांच्या अधिपतीच्या, बालजबूलच्या मदतीने भुतं काढतो. समोर एका माणसाचं भलं झालंय, ते नाकारता येत नाही, मग त्यालाच सैतानाचं काम म्हणायचं. बरं, हे काही रागाच्या भरात निसटलेलं वाक्य नव्हतं. मूळ ग्रीकमधलं क्रियापदही ‘म्हणत होते’ असंच आहे, अपूर्ण भूतकाळातलं. आमच्या आधीच्या पाळकांनी एकदा ते फळ्यावर लिहून समजावलं होतं.

इशारा त्यांना होता. धर्माच्या नावाने लोकांना दाबणाऱ्यांना. तो उचलून पोराच्या प्रेतापाशी कोसळलेल्या बाईच्या डोक्यात घालायचा, याला मी अन्यायच म्हणते. आणि 28व्या वचनाचं काय? माणसांना सगळ्या पापांची आणि दुर्भाषणांची क्षमा होईल, हे येशू आधी बोलला, मग पुढचं बोलला. त्या आधीच्या वचनावरून तर सगळे उडीच मारतात.

हे माझ्या मनचं नाही. पाचव्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने हे पाप म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणं, असा अर्थ लावला. कॅथलिकांच्या धर्मशिक्षणग्रंथातही, परिच्छेद 1864 मध्ये, देवाच्या दयेला सीमा नाही, पण ती घेणंच जो जाणूनबुजून नाकारतो तो क्षमेलाही नाकारतो, असंच म्हटलंय. म्हणजे दार आतून लावून घेतलेला माणूस. आत्या तर नऊ वर्षं उंबऱ्यावर उभी राहून रडतेय.

येशूचा शिष्य पेत्र याने शपथा वाहून तीनदा येशूला ओळखच दाखवली नाही, आणि पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी उभा राहून बोलला तो तोच. प्रेषित पौल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सरळ सांगतो, मी पूर्वी निंदक होतो, तरी माझ्यावर दया झाली. सतराव्या शतकातला इंग्रज प्रचारक जॉन बन्यन तर आपल्या हातून हेच पाप घडलं या भीतीने कितीतरी काळ पोळला होता. या भीतीने झोप उडालेली माणसं आपल्याही मंडळ्यांत असणार, मला खात्री आहे. ती बोलत नाहीत. पेला न उचलता ट्रे पुढे देतात.

प्रचारक भावांनो, हात जोडून विनंती आहे. 29वं वचन वाचायचंच असेल तर 30वं वाचल्याशिवाय बायबल मिटू नका. आणि समोर कोण बसलंय, कुणाच्या घरात काय घडलंय, तेवढं तरी विचारत जा.

काल संध्याकाळी आत्याकडे गेले होते. तिचं मोठ्या अक्षरांचं बायबल घेऊन तोच अध्याय आम्ही वाचला, यावेळी 20व्या वचनापासून. शास्त्री येण्याच्या आधी, 21व्या वचनात, येशूचे आप्त त्याला धरून न्यायला निघतात; म्हणतात, ह्याला वेड लागलंय. आत्याने मला थांबवलं. अध्यायाच्या शेवटी त्याची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात, तिथे बोट ठेवून म्हणाली, ‘म्हणजे घरचेसुद्धा बोलले त्याला?’

मी म्हटलं, हो.

‘मग त्यांचं काय झालं?’

मी बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक काढलं, पहिला अध्याय, 14वं वचन. माडीवरच्या खोलीत शिष्य एकचित्ताने प्रार्थना करत होते, आणि त्यांच्यात येशूची आई मरीया होती, त्याचे भाऊही होते. पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला तो त्या मंडळीवर.

तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, ‘ते पान दुमडून ठेव.’