मालक, ऑडिट आलंय, बूट वाटा

मालक, अभिनंदन. टॉवेलची ऑर्डर पक्की झाली. सोबत कामगारांना कसं वागवायचं याची बत्तीस पानी आचारसंहिताही आली म्हणून तुम्ही रात्रभर झोपला नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. कशाला? आचारसंहिता आपल्याकडं दर निवडणुकीला लागते. तिच्यामुळं आजवर कुणाची जेवणावळ थांबली?

परदेशी गिऱ्हाईक म्हणतंय, आमच्या टॉवेलात कुणाचा घाम नको. टॉवेल घाम पुसायलाच असतो हे त्याला सोलापुरात मे महिन्यात आणल्याशिवाय कळायचं नाही, पण ते असू द्या. तुम्ही नव्यानं एक्सपोर्टमध्ये आलाय. मी अठरा वर्षं अक्कलकोट रोडपासून चिंचोळीपर्यंत अशाच ऑडिट पास व्हायच्या फाइली करून देतोय. तेव्हा शांतपणे ऐका, चहा सांगा.

हे सगळं येतं कुठून? व्यापार करारातून. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनच्या करारावर सह्या झाल्या, आपल्या कापडावरची बारा टक्क्यांपर्यंतची जकात शून्यावर येणार म्हणून तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. त्याच करारात कामगारांच्या हक्कांवर एक वेगळं प्रकरण आहे. पेढ्यांच्या बॉक्सवर ते छापलेलं नव्हतं, इतकंच. आता जिथं करार तिथं श्रमाचं प्रकरण, हा रिवाजच पडलाय. लग्नात आहेर असतो तसं. आहेर उघडून बघायचा नसतो, यादीत लिहून घ्यायचा असतो.

पण आधी दुसऱ्यांच्या चुका बघून घेऊ. सगळ्यात मोठी चूक कंबोडियानं केली. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त, युद्धातून नुकता उठलेला, निर्यातीला शिवलेल्या कपड्यांखेरीज फारसं काही नाही. त्या काळी कुठल्या देशानं अमेरिकेत किती कपडा विकायचा याचा कोटा असे. १९९९ मध्ये अमेरिका त्यांना म्हणाली, कामगारांचे कायदे नीट पाळा, दर वर्षी कोटा वाढवून देतो. आधी १४ टक्क्यांपर्यंत, पुढं १८. बघा म्हणजे. पाळला नाही तर दंड, हे आपल्याला समजतं, दंड भरता येतो, कमी करून घेता येतो. पाळला तर जास्त धंदा, असं कुणी म्हणायला लागलं तर माणसानं करायचं काय? मालकालाच कायदा हवासा वाटायला लागला तर आमच्यासारख्यांनी कुठं जायचं?

त्यावर आणखी कडी अशी, की तपासायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची माणसं बसवली. ती न सांगता दारात यायची. तपासणीला नाही म्हणणाऱ्याला निर्यातीचा परवानाच मिळायचा नाही. आणि सांगूनही ज्यानं दुरुस्ती केली नाही, त्याचं नाव अहवालात छापून सगळ्या जगाला वाचायला ठेवायचे. नाव छापायचे, मालक! आपल्याकडं ऑडिटर येण्याआधी हॉटेलची खोली आपणच बुक करतो, त्याची फी आपणच भरतो, अहवाल आपल्यालाच मिळतो. परीक्षार्थीनं परीक्षकाला स्टेशनवर घ्यायला जायचं, ही आपली पद्धत. ती मोडू नका.

देवाच्या दयेनं त्यांचंही फार दिवस चाललं नाही. ३१ डिसेंबर २००४ ला जगभरचा कोटाच संपला आणि गाजर गेलं. पुढं काही वर्षं नावं छापणंही बंद होतं. ते २०१४ मध्ये परत सुरू केलं. आणि करार जोरात असतानाही सगळं गोडगोड होतं असं समजू नका. २२ जानेवारी २००४ ला चिया विचिया हे तिथले कामगार पुढारी नॉम पेन्हमध्ये पेपरच्या टपरीवर पेपर वाचत होते, तिथंच त्यांना गोळ्या घातल्या. तपासनीस संडास मोजत होते, दिवे मोजत होते, ओव्हरटाइमचे तास मोजत होते. पुढारी मोजायचा रकाना त्यांच्या फॉर्मात नव्हता. २०२० मध्ये युरोपनं त्या देशाच्या सुमारे एक पंचमांश मालावरची जकातमाफी काढून घेतली, मानवी हक्क आणि कामगारांचे हक्क तुडवले म्हणून. म्हणजे मंत्री चुकले आणि टांगती तलवार शिलाई मशीनवर बसलेल्या पोरींच्या डोक्यावर.

याउलट बांगलादेशचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. त्यातल्या काही कारखान्यांचं ऑडिट आधी झालेलं होतं. झालेलं होतं, हे ध्यानात घ्या. अमेरिकेला राग आला आणि दोन महिन्यांत तिनं बांगलादेशची जकातीतली सवलत थांबवली. सगळीकडं बातमी. फक्त त्या सवलतीत तयार कपडे मुळात जवळपास नव्हतेच! कापडवाल्यांना शिक्षा म्हणून दुसऱ्याच कुणाचा तरी माल अडवला. धाकट्यानं काच फोडली की थोरल्याला मारायची आपल्याकडंही रीत आहे, पण ती राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं नसते.

तिथं एक वाईट गोष्टही घडली, ती लपवत नाही. त्याच वर्षी कामगार संघटना आणि कंपन्यांनी मिळून अकॉर्ड नावाचा करार केला, दोनशेवर कंपन्या त्यात आल्या. तो कोर्टात टिकणारा. तपासणारे इंजिनिअर स्वतंत्र, अहवाल सगळ्यांना खुले, आणि इमारत धोक्याची वाटली तर आत जायला नकार द्यायचा कामगाराला हक्क. अशा कराराला फाइल पुरत नाही, खरोखर जिनाच बांधावा लागतो. म्हणून आपल्या गिऱ्हाइकाला 'अकॉर्ड' हा शब्द चुकूनही सुचवू नका. त्याला सर्टिफिकेट आवडतं, सर्टिफिकेटच द्या. कराचीच्या एका कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये उत्तम सर्टिफिकेट मिळालं होतं. सप्टेंबरमध्ये तो जळाला, अडीचशेहून जास्त माणसं गेली. सर्टिफिकेटची मुदत बाकी होती.

इथं दोन वाक्यं सल्ल्याबाहेरची बोलतो. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण गेले, त्यात मालक होते आणि कामगारही. त्यानंतर आठवडाभर सगळ्यांनी आपापल्या मागच्या दाराकडं बघितलं, मग त्याच दाराला टेकवून सुताची पोती परत रचली.

असो. आता आपल्या कामाचं.

पहिलं म्हणजे हजेरी. किती कामगार दाखवायचे? जुन्या फॅक्टरी कायद्यात वीज वापरणारा दहा माणसांचा कारखाना म्हणजे कारखाना. म्हणून आपल्या पूर्व भागात एका छताखाली तीन-तीन पाट्या दिसतात: एक मालकाची, एक सौभाग्यवतींची, एक मेव्हण्याची. प्रत्येकाकडं नऊ माणसं, लूमचा खडखडाट मात्र एकच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली, दहाचे वीस झाले. सरकारनं मेव्हण्यांची गरज निम्म्यावर आणली. घरोघरी शांतता नांदेल. पण तुमची पाटी मोठी आहे, एक्सपोर्टची आहे, तुम्हाला ही सवलत नाही. तुमची सोय वेगळी: जॉबवर्क. विणायला माल साखर पेठेतल्या गल्लीत द्या. तिथं पत्र्याखाली बारा तास चार लूम सांभाळणारा माणूस तुमचा नव्हेच. त्याच्यावर उचल कुणाची, कांडी भरणारी त्याची बायको कुणाच्या हजेरीवर, हे विचारायला ऑडिटर तिथवर जात नाही. त्याची एसी गाडी त्या बोळात वळत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार करार आमच्याकडं नेमका त्या बोळाच्या तोंडाशी संपतो.

विडीवाल्यांचं बघा, त्यांना हाही ताप नाही. बायका हजारी दरावर घरी विड्या वळतात, संध्याकाळी कारखान्यात टोपली नेतात, छाट म्हणून किती बाजूला काढायच्या ते घेणारा ठरवतो. ब्रिटनमधल्या मॉलला सोलापूरची विडी नको, त्यामुळं तिथं आचारसंहिताही नाही. हक्क मिळायचे तर आधी आपला माल परदेशी माणसाच्या बाथरूमपर्यंत पोचायला हवा.

दुसरं, भिंती. फळे लावा, मोठे, फ्लेक्सचे. कामाचे तास आठ, ओव्हरटाइमला दुप्पट दर, अंतर्गत तक्रार समिती, चोवीस तास पिण्याचं पाणी. पाण्याचं वाचून हसू नका. महापालिका काही दिवसांआड सोडते ते ऑडिटरला कुठं माहीत? फळे मराठीत आणि इंग्रजीत करा. शिलाईवरच्या बहुतेक बायका घरी तेलुगू बोलतात, पण तेलुगू फळा लावू नका, खर्च वाढतो. आणि लिहिलेलं कुणी वाचायला लागलं तर अडचण होते.

तिसरं, तालीम. ऑडिटर बायकांना एकेकटीला बोलावून प्रश्न विचारतो, म्हणून आदल्या दिवशी उत्तरं पाठ करून घ्यावी लागतात. मागं एका कारखान्यात तालीम जरा जास्तच झाली. ऑडिटरनं अक्काला सहज विचारलं, मुलं किती? अक्का ताठ बसून म्हणाली, "आठ तास, साहेब. रविवारी सुट्टी." साहेबानं ते तसंच लिहून घेतलं. सकाळपासून त्याचा तो एकविसावा इंटरव्ह्यू होता.

मास्क वाटाल तर आदल्या दिवशी वाटा. त्याच सकाळी पाकीट फोडलं की घड्यांच्या रेघा दिसतात. चाळीस तोंडांवर एकाच जागी चार-चार रेघा, लाँड्रीतून आल्यासारखी माणसं. थोडा कापूस चोळला की जुने दिसतात. बूट सगळे आठ नंबरचे घेतले तरी चालतं, पुढं चिंधी कोंबायची.

मग निकाल येतो. शंभरात ब्याण्णव. तुम्ही फ्रेम करून केबिनमध्ये लावा, गणपतीच्या शेजारी. आणि दोन दिवसांनी त्याच कंपनीतून दुसरा मेल येईल, खरेदी विभागाचा. आदर, अभिनंदन, पुढच्या सीझनला पीसमागं सहा सेंट कमी. त्या कंपनीत एका मजल्यावर माणुसकी बसते, दुसऱ्यावर खरेदी, आणि मधे जिना नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के कर चढवला तेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकाला माणुसकीच्या मजल्यावरून पत्र आलं होतं, कामगारांची काळजी घ्या म्हणून. खरेदीच्या मजल्यावरून आलं, निम्मा कर तुम्ही सोसा. त्यानं दोन्हींचा मान राखला: एक पाळी बंद केली आणि उरलेल्या पाळीला आचारसंहिता वाचून दाखवली.

तेव्हा सहा सेंट कुठून काढायचे, हा प्रश्न मला विचारू नका. सुताचा भाव तुमच्या हातात नाही, विजेचा नाही, कंटेनरचा तर नाहीच. हातात काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते कमी केल्याचं बत्तीस पानांत कुठंच दिसत नाही. पगार पुरतो का, असा एक प्रश्न आहे म्हणा एकविसाव्या पानावर. त्यापुढं 'सुधारणा चालू' अशी टीक करायची. अठरा वर्षं चालू आहे.

शेवटचं, बूट. संध्याकाळी मोजून परत घ्या, हा माझा कळकळीचा सल्ला. त्याच अक्काच्या कारखान्यात मागच्या ऑडिटला चाळीस जोड्या दिल्या, एकोणचाळीस भरल्या. दुसऱ्या दिवशी अक्का बूट घालूनच कामावर आली, पुढं चिंधी कोंबलेली, खाडखाड वाजवत. सुपरवायझर म्हणाला, अक्का, ते ऑडिटपुरते होते. ती म्हणाली, फळ्यावर तर लिहिलंय, बूट घालणं बंधनकारक. फळ्यावर काय लिहिलंय ते तुला कुणी सांगितलं? तर म्हणे नात दहावीला आहे, तिच्या मोबाइलमध्ये फोटो काढून नेला होता. रात्री भाकरी थापता थापता तिनं सगळा वाचून दाखवला.

बूट गेले तर गेले मालक, चारशे रुपयांचा माल. पण काल जेवणाच्या सुट्टीत शिलाईवरच्या सहा-सात जणी त्या फळ्याखाली डबे घेऊन बसल्या होत्या, आणि अक्का हिशोबनिसाला विचारत होती, की ते खालच्या ओळीतलं दुप्पट दराचं कुठल्या महिन्यापासून धरायचं.