टीव्ही तापलाय

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरून काय खाली येईल सांगता येत नाही, यंदा माझा जुना व्हिडिओ गेम आला, तोही थेट डोक्यात. पिवळा पडलेला डबा, दोन रिमोट, एक केशरी बंदूक आणि 9999 इन 1 लिहिलेली कॅसेट, ज्यात खरे गेम मोजून सात-आठ नि बाकी सगळे तेच, नावं बदलून. हा डबा म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीनं 1983 साली जपानात काढलेल्या फॅमिकॉम नावाच्या व्हिडिओ गेमची नक्कल आहे हे मला चाळिशीत कळलं. लहानपणी आम्ही त्याला फक्त 'गेम' म्हणायचो.

लेकाला म्हटलं थांब, तुला खरा गेम दाखवतो. इथंच चुकलं.

गेमला एक पिवळी पिन नि एक पांढरी, आणि नव्या टीव्हीला मागं हेडफोनसारखं एकच बारीक भोक. दुकानात गेलो तर तिथला पोरगा वायर उलटीपालटी करून विचारतो, "काका, मुलासाठी का?" मी हो म्हणून टाकलं.

जोडणी झाली तरी स्क्रीनवर नुसत्या पट्ट्या. मग कॅसेट काढा, फुंकर मारा, बनियनला पुसा, परत घाला. फुंकरीनं काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात असं खुद्द निन्टेंडो सांगते, पण चौथ्या फुंकरीला कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम लागला त्याला मी काय करू! मूळ कॉन्ट्रा 1987 चा, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, ते मशीन आमच्या गावात कुणी बघितलेलंसुद्धा नव्हतं, आमच्याकडे आलं ते हे घरगुती ध्यान. अंगठा आपोआप चालला, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, बटणं या क्रमानं दाबली की 30 लाइफ! किराणा आणायला गेलो की चार वस्तूंतल्या दोन विसरतो, हे मात्र जसंच्या तसं.

"पप्पा, सेव्ह कुठे करायचं?"

"सेव्ह नसतं. संपल्या लाइफ की पहिल्यापासून."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण पूर्वी विहिरीवरून पाणी आणायचो सांगणाऱ्या आजोबांकडे बघायचो.

शेवटी बंदूक काढली, डक हंट, म्हणजे बदकं मारायचा गेम. एक बदक पडेना. टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी पडेना, आणि गेममधलं ते कुत्रं गवतातून वर येऊन हसतंय, सोबत माझं पोरगंही. मग वाचलं तेव्हा कळलं, चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीचा डोळा तो उजेड पकडतो, पण हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगाला बांधलेलं, एलईडीवर चौकोन उशिरा पोचतो. हे लेकाला नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे तुम्ही हरलात ना?"

तेवढ्यात आई आतून आली. गेममुळे पिक्चर ट्यूब उडते म्हणून ती तेव्हा रोज बाजारातून आली की चप्पल काढायच्या आधी टीव्हीच्या मागं हात लावून बघायची. आताही काही न बोलता भिंतीवरच्या एलईडीमागं हात घातला.

"तापलाय," म्हणाली, "कधीपासून बसलायस?"

"आत्ताच लावला, आई."