क्रीट चार दिवसांत 'कव्हर' होत नाही

मे महिन्यात ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन आल्यापासून मेसेंजरवर एकच प्रश्न येतोय. "क्रीट चार दिवसांत कव्हर होतं का गं? लिस्ट पाठव ना." प्रत्येकीला वेगळं लिहिणं जमत नाही, म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहिते.

नाही होत. बेट जवळजवळ २६० किलोमीटर लांब आहे आणि मधला कणा म्हणजे डोंगर. पश्चिमेच्या लेफ्का ओरी, म्हणजे पांढऱ्या डोंगरांमधलं सगळ्यात उंच शिखर २४५३ मीटरचं. नकाशावर बोटभर दिसणाऱ्या अंतराला बस अर्धा दिवस घेते. बालोस आणि एलाफोनिसी हे दोन किनारे सगळ्यांच्या लिस्टवर असतात. सुंदर आहेत, वादच नाही. पण तिथे दुपारी पोचलात तर पार्किंग शोधण्यातच जीव जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की चार दिवसच असतील तर ते चारही दिवस एकाच कोपऱ्यात घालवा. आम्ही स्फाकिया निवडला. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा डोंगराळ मुलूख.

उत्तर किनाऱ्यावरच्या हानिया शहरातून बस निघते, डोंगर चढते, इंब्रोस गाव मागे टाकते आणि मग एका वळणावर अचानक खाली लिबियन समुद्र दिसतो. तिथून नागमोडी उतार थेट किनाऱ्यावरच्या होरा स्फाकियोन गावापर्यंत. पुढे पश्चिमेकडे जायला किनाऱ्यालगत गाडीरस्ताच नाही. होडीने जा, नाहीतर पायी. आम्ही पायी निघालो.

तासाभराने ग्लिका नेरा लागतं. नावाचा अर्थच 'गोडं पाणी'. वर सरळ उभा कडा, खाली राखाडी गोट्यांचा किनारा. मी वाचलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. समुद्रापासून चार पावलांवर हाताने गोटे बाजूला केले, वीतभर खळगा झाला, तळाशी पाणी झिरपायला लागलं. गाळ खाली बसेपर्यंत दोन मिनिटं थांबलो. ओंजळीत घेऊन प्यायले तर दात शिवशिवले इतकं गार, आणि मिठाचा लवलेश नाही. डोंगरावरचं बर्फ वितळतं, चुनखडीच्या भेगांतून आतल्या आत खाली येतं आणि इथे समुद्राच्या काठाशी बाहेर पडतं. मी खूप फिरले आहे, पण ती ओंजळ विसरणार नाही.

पुढे लुत्रो. खाडीच्या कुशीत पांढरी घरं, निळ्या खिडक्या. गाडीरस्ता नाही, त्यामुळे बटाट्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं होडीने येतं. हे गाव आता बऱ्यापैकी माहितीतलं झालंय, पण शेवटची होडी गेली की आवाज उरतो तो फक्त लाटांचा आणि ताटल्या धुण्याचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही चूक केली. लुत्रोहून डोंगरावरच्या आनोपोली गावाची चढण सुमारे ६०० मीटरची, सावली जवळजवळ नाही, आणि आम्ही निघालो अकरा वाजता, दोघांत मिळून दीड लिटर पाणी घेऊन. अर्ध्या वाटेत नवऱ्याला गरगरायला लागलं. वरून शेळ्या घेऊन उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने न विचारता स्वतःची बाटली पुढे केली आणि हाताने खूण करून खडकाच्या सावलीत बसवलं. आम्ही पैसे काढले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी पाहून मलाच वाईट वाटलं. तिथे सकाळी सातच्या आत चढायला लागा, ही कळकळीची विनंती.

आनोपोलीच्या चौकात दास्कालोयानिसचा पुतळा आहे. हा इथलाच, १७७० मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठलेला. पुढच्या वर्षी त्याला जिवंत सोलून मारलं. आजही स्फाकियाची माणसं त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात.

आणि मग आरादेना. खरं तर ही पोस्ट आरादेनासाठीच लिहिते आहे. घळीच्या काठावर दगडी घरांचं अख्खं गाव, रिकामं. छपरं खाली आलेली, एका घरात चुलीच्या जागी अंजिराचं झाड उगवलेलं, दाराची दगडी चौकट मात्र जशीच्या तशी. काठावर चौदाव्या शतकातलं छोटंसं चर्च. गावातल्या माणसांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर, आपसातल्या वैरातून झालेल्या खुनांनंतर गाव सोडलं. घळीत उतरणारी आणि पलीकडे चढणारी जुनी दगडी वाट अजून शाबूत आहे, अगदी आपल्या कोकणातल्या पाखाडीसारखी. वरून १९८६ साली बांधलेला लोखंडी पूल जातो. खाली १३८ मीटर खोल घळ, आणि पुलावर लाकडी फळ्या. गाडी गेली की फळ्यांचा असा गडगडाट होतो की वाटतं आभाळच गरजतंय.

आता माझ्या रागाचा मुद्दा. अशा जागांचे व्हिडिओ 'अस्पर्श', 'जगापासून लपलेलं' अशा शब्दांत फिरतात. अहो, ही गावं लपलेली नाहीत. त्यांतून माणसं निघून गेली आहेत. आपल्याला जी शांतता हवीहवीशी वाटते, ती कुणाचीतरी बंद पडलेली चूल आहे. पूल पाहून "कशाला बांधला, निसर्गाची वाट लावली" असंही आमच्याबरोबरच्या एका प्रवाशाने म्हटलं. तो पूल ओलांडून पुढे आयिओस योआनिसला गेलात की कळतं. पलीकडच्या त्याच गावचं मूळ असलेल्या व्हार्दिनोयानिस कुटुंबाच्या पैशातून तो उभा राहिला. त्याआधी पाखाडीनेच घळ उतरून चढावी लागायची, आजारी माणसालाही. आज त्या गावात माणसं मोजकीच आहेत, पण आहेत. धूर निघतो, कोंबडा आरवतो.

आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. घरच्या आजींनी माझ्यासमोर स्फाकियाची 'पिटा', म्हणजे चीज भरलेली पोळी केली. कणकेच्या गोळ्यात मिझिथ्रा नावाचं ताजं मऊ चीज भरायचं, तोंड बंद करायचं, हलक्या हाताने लाटायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. वर मध. पुरण भरताना माझी आई अंगठ्याने कडा वळवायची, हुबेहूब तसाच अंगठा फिरत होता. भाषा एकमेकींची येत नव्हती. मी एक लाटून दाखवली, ती फाटली, त्यांनी हसून कणीक पुन्हा माझ्याच हातात दिली. मुलगा-सून हानियाला, नातवंडं अथेन्सला. १५ ऑगस्टला मेरीमातेच्या सणाला सगळे येतात, तेव्हा घरं उघडतात. मला गणपतीतलं आमचं गाव आठवलं. वर्षभराची कुलपं आणि पाच दिवसांचा उजेड.

शेजारच्या सामारियाच्या घळीतही एक गाव होतं. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि उरलेल्या माणसांना बाहेर पडावं लागलं. आज ती १६ किलोमीटरची वाट दररोज शेकडो लोक चालतात, रिकाम्या घरांपाशी डबा खातात, खालून होडी पकडतात आणि रात्री हानियाला परत. जरूर चाला, रानशेळ्याही दिसतात. पण तेवढं केलंत तर स्फाकियात एक रात्रही घालवली नाहीत, असंच झालं.

म्हणून माझी लिस्ट ही अशी आहे. मे किंवा सप्टेंबरअखेर. एक रात्र लुत्रो, एक आनोपोली, दोन आयिओस योआनिस. मग खाली आयिओस पावलोसच्या किनाऱ्यावरच्या दगडी देवळापर्यंत उतरून किनाऱ्यावरच्याच आयिया रुमेली गावातून होडी. ही उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते, काठी न्या. राहा तिथेच, जेवा तिथेच, मध आणि डोंगरी चहा तिथूनच विकत घ्या. रोख पैसे जवळ ठेवा. वाटेत जागोजागी लोखंडी जाळीची फाटकं लागतात, तारेने बांधलेली. ती शेळ्यांसाठी आहेत, वाट बंद असल्याची खूण नाही. तार सोडा, पलीकडे जा आणि पुन्हा होती तशीच घट्ट पिळून बांधा.