सडलेल्या ट्रान्समवर रेझिन आणि पत्र्याचा इलाज चालत नाही

होडीचं आऊटबोर्ड (बाहेरून टांगलेलं) इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं, तो ट्रान्सम हलायला लागला की एक सल्ला हमखास पुढे येतो. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असलेली ही फळी उघडू नका. भोकं पाडून पातळ रेझिन (नंतर कडक होणारा चिकट द्रव) ओता, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा लावून बोल्ट आवळा, वरून फायबरच्या दोन मॅट चढवा. आणि आत मरीन प्लाय (होड्यांसाठीचं प्लायवुड) असेल तर काळजीच सोडा, तो सडत नाही. मालवणपासून वर सगळ्या किनाऱ्यावर छोट्या फायबर होड्या याच फळीच्या भरवशावर समुद्रात जातात, म्हणून हा सल्ला तसाच सोडून देता येत नाही.

रेझिनचं आधी बघू, कारण त्यावर सर्वात जास्त विश्वास आहे. सडलेलं लाकूड ओलं असतं. ज्या छिद्रांत पाणी भरलंय तिथे रेझिन शिरणार कुठून? ते भोकाभोवती थोडं पसरतं, पोकळ जागा सापडली तर तिथे साचतं आणि बाकीचा लगदा होता तसाच राहतो. बुरशीने खाल्लेले तंतू कशानेही परत येत नाहीत. शिवाय जाड थरात साचलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं आणि तडकू शकतं. ओतून भरायची खास मिश्रणं मिळतात आणि ती चालतातही, हे खरं आहे. पण त्यांच्यासाठी दोन फायबर थरांमधलं कुजकं लाकूड आधी पूर्ण खरवडून काढावं लागतं. सल्ल्यात नेमकं तेच गाळलेलं असतं.

पत्र्याचा मुद्दा समजायला फळीवर जोर कसा येतो ते बघावं लागेल. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण सत्तर किलोचं, फोर-स्ट्रोक शंभराच्या आसपास. हे वजन फळीच्या मागे लोंबतं. पंखा इंजिन फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटच्या बराच खाली राहून पुढे ढकलतो, त्यामुळे ब्रॅकेटचा खालचा भाग फळीत रुततो आणि वरचा तिला मागे ओढतो. प्रत्येक लाटेचा दणका यात भर घालतो. फळी हे सोसते, कारण आतलं लाकूड दोन्ही बाजूंच्या फायबर थरांना एकजीव धरून ठेवतं. एकसंध फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. उलट तीच फळी मधून सुटून दोन पातळ फळ्या एकमेकींवर घसरू लागल्या तर ताठपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. पत्रा बोल्टाचा दाब पसरवतो, तेवढं त्याचं काम चांगलं. पण सुटलेले थर तो जोडत नाही. मऊ लाकडावर बोल्ट आवळला की लाकूड दबतं, काही दिवसांत नट ढिला होतो, परत आवळायचा, परत दबतं. मध्ये पत्र्यामागे पाणी अडकून राहतं. सुक्या, धडधाकट फळीला पत्रा जरूर लावा.

दोन मॅटबद्दल फार बोलायला नको. जुन्या, गुळगुळीत, तेलकट फायबरवर चढवलेली मॅट नखाने उचकटावी तशी सुटून येते, आणि तिच्याखालची फळी तर मऊच असते.

खात्री करायची तर आतल्या बाजूने, तळाजवळ, पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा काळपट, ओला, कुबट निघाला तर फळी उघडावीच लागेल. आतला थर ग्राइंडरने कापायचा (तोंडाला मास्क हवाच), सगळं कुजकं लाकूड काढायचं, बाहेरचा थर आतून घासून पूर्ण सुकवायचा. मग पुठ्ठ्याच्या मापाने कापलेले अठरा-एकोणीस मिलिमीटरचे दोन प्लाय घट्ट कालवलेल्या एपॉक्सी रेझिनने एकमेकांना आणि बाहेरच्या थराला चिकटवायचे. कोपऱ्यात पुट्टीची गोलाई द्यायची, नाहीतर फायबरचं कापड काटकोनात वळत नाही आणि खाली हवा राहते. त्यावर हे विणलेलं कापड बाजूंवर आणि तळावर चांगलं वीतभर नेऊन चढवायचं, म्हणजे इंजिनाचा जोर एकट्या फळीवर न राहता होडीच्या अंगात उतरतो. एपॉक्सी घेतली की वरचे थरही एपॉक्सीचेच ठेवा. तिच्यावर पॉलिस्टर रेझिन भरवशाने धरत नाही.

राहिला मरीन प्लाय. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला प्लाय नक्की घ्या, त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही टिकतो. पण न सुटणारा गोंद म्हणजे न सडणारं लाकूड नव्हे. सतत ओलं राहिलं तर तेही कुजतं, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी त्याला जास्त घातक. कोकणातल्या पावसात किनाऱ्यावर उघडी पडलेली होडी महिनोन्महिने तेच पाणी पिते. ते आत जातं कापलेल्या कडांतून आणि बोल्टच्या भोकांतून. म्हणून कडा आधीच एपॉक्सीने दोन-तीन वेळा माखून घ्या. इंजिनाच्या बोल्टसाठी आधी मोठं भोक पाडा, ते कालवलेल्या एपॉक्सीने गच्च भरा, कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा आणि बसवताना मरीन सीलंट लावा. ड्रेन प्लगच्या (होडीतलं पाणी काढायच्या बुचाच्या) भोकालाही हेच करा. ते सर्वात खाली असतं आणि तिथली फळी बहुतेक वेळा सर्वात आधी कुजते.