गॅलिनाचं बंदर रेल्वेने नाही, गाळाने बसवलं

अमेरिकेत इलिनॉयमधल्या जो डेव्हिस काउंटीचं मुख्य गाव असलेल्या गॅलिनावरचा लेख छान आहे, पण ‘१८५४ मध्ये रेल्वे आली आणि बंदर बसलं’ हे वाक्य अर्धवट आहे. पुढच्याच वर्षी रेल्वे थेट मिसिसिपीकाठच्या डनलीथला पोचली, माल तिकडे वळला, हे खरंच. पण गावातली गॅलिना नदी त्याआधीपासून उथळ होत होती. इथल्या खाणींतलं शिशाचं खनिज वितळवायला सुरुवातीच्या भट्ट्यांत अख्खे ओंडके रचून वर खनिज टाकत. आगबोटींनाही लाकूडच लागे. टेकड्या बोडक्या झाल्या, त्यात खाणींच्या खड्ड्यांतली सुटी माती उतारावरच पडलेली. पावसागणिक ती पात्रात. मग आगबोट धक्क्याला लागणार कशी?

पूरदरवाजांबद्दलही एक राहिलं. मेन स्ट्रीटच्या टोकाचे ते अवजड दरवाजे लावले की नदीचं पाणी बाहेर थांबतं, मात्र वरच्या टेकड्यांवरून येणारं पावसाचं पाणी आतच अडकतं. ते पंपांनी बांधापलीकडे फेकावं लागतं. पंप कमी पडले तर दरवाजे शाबूत असूनही तळघरं भरणार. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँटच्या इथल्या घरावर तीन परिच्छेद खर्च केलेत, त्यातला एक इथे चालला असता.