ज्ञानेश्वरचं स्पेलिंग

माझ्या भाचीचा कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज काल रात्री एकदाचा अपलोड झाला. त्यासाठी चार महिने मी खानापूरची तहसीलदार कचेरी आणि बेळगावचं कोर्ट आवार यांच्यात फेऱ्या मारल्या. आमच्या सीमाभागातली कितीतरी पोरं नर्सिंग, इंजिनिअरिंग करून बाहेर जायला निघाली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाचीचा जन्म खानापूर तालुक्यातल्या खेड्यात. जन्म दाखला अख्खा कन्नडमध्ये. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून शाळेचा दाखला मराठीत. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड आणि पासपोर्टवर नाव इंग्रजीत. एका पोरीची ओळख तीन लिप्यांत विखुरलेली.

आता दाजींचं नाव ज्ञानेश्वर. मराठी माणूस ते इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो. कन्नडमधून इंग्रजी करणारा जे-एन लिहितो, आणि त्याचंही चूक नाही. ज्ञानपीठाचं इंग्रजी स्पेलिंग आठवा. पासपोर्टवर एक, जन्म दाखल्याच्या भाषांतरात दुसरं. आपल्याला ते नाव ऐकताच कळतं, पण तिकडच्या अधिकाऱ्यानं ते कशावरून ओळखावं? त्याच्यासमोर एका मुलीचे दोन बाप येतात.

यावर सगळीकडं एकच सल्ला मिळतो, ‘नोटरी करून टाका की.’ मीही तेच केलं. कोर्टाबाहेर एका नोटरीकडं झेरॉक्स दिल्या. त्यांनी मूळ दाखला बघायलासुद्धा मागितला नाही. दोन मिनिटांत शिक्के, सह्या, पैसे. घरी येऊन बघतो तर एका प्रतीवर पंचायतीच्या शिक्क्याचा अर्धा भाग झेरॉक्समध्ये कापला गेलेला, तारीख कुठंच नाही, आणि प्रत कुठल्या कागदाची तेही लिहिलेलं नाही. कॅनडाच्या सूचना मात्र स्पष्ट आहेत. प्रमाणित करणाऱ्यानं प्रत मुळाशी ताडून बघायची आणि प्रतीवर ‘ही मूळ कागदाची खरी प्रत आहे’ हे वाक्य, मूळ कागदाचं नाव, तारीख, स्वतःचं नाव, हुद्दा आणि सही एवढं सगळं घालायचं. मला त्या दिवशी फार राग आला. ‘मी ताडून पाहिलं’ असं लिहून देणं ही साक्ष आहे, आणि ती न बघता दिली गेली. पोरीच्या आयुष्याचा कागद होता तो.

दुसऱ्या एका वयस्कर नोटरी बाईंनी आधी मूळ कागद मागितले. चष्मा लावून ओळ न ओळ बघितली आणि मला विचारलं, ‘गुरुजी, ह्यात आडनाव गौडा का लिहिलंय?’

दाजींचं आडनाव गावडे. जन्म नोंदवताना कुणीतरी ते गौडा केलं, आणि इतकी वर्षं घरात कुणी तो दाखला नीट वाचलाच नाही. कन्नड येणारा मी एकटा, आणि मीही वाचला नव्हता. बाई म्हणाल्या, ‘मी शिक्का मारला तर प्रत खरी ठरेल, आडनाव नाही.’

एवढंच मला आज ठासून सांगायचंय. नोटरीच्या शिक्क्यानं चूक दुरुस्त होत नाही, उलट त्या चुकीवर शपथ चढते. ‘दोन्ही नावं एकाच माणसाची’ असं जे अ‍ॅफिडेव्हिट सगळे करतात, ते आपण आपल्याबद्दल दिलेलं निवेदन असतं, मूळ नोंद तशीच राहते. अपोस्टिलचंही, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार त्यावर जोडतं त्या प्रमाणपत्राचंही, तेच. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 पासून आहे, कॅनडा जानेवारी 2024 पासून, पण अपोस्टिल फक्त कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकुराबद्दल काहीच नाही. एका एजंटानं आमच्याकडं त्याचे हजारो रुपये मागितले. आमच्या अर्जाच्या यादीत अपोस्टिल नव्हतंच.

दुरुस्ती होते ती मूळ रजिस्टरात. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969, कलम 15. जुनी नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून रजिस्ट्रार तारखेसह सही करतात. दाजींच्या शाळेचा दाखला आणि जमिनीचा उतारा जोडला. वेळ गेला, पण गौडाचं गावडे झालं.

भाषांतर मी करणार होतो. मराठी शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं, कन्नड-इंग्रजी दोन्ही येतं. पण कॅनडाला मामानं केलेलं चालत नाही! आईवडील, भावंडं, मामा, काका, आत्या, मावशी, चुलत-मावस भावंडं, कुणीच नाही. बाहेरचा भाषांतरकार हवा, तो मान्यताप्राप्त नसेल तर त्यानं शपथपत्र द्यायचं. आणि कागदावरच्या गोल शिक्क्यातला कन्नड मजकूरही भाषांतरात यायला हवा, हे बरेच जण विसरतात. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत दिली, म्हणून ज्ञानेश्वरचं स्पेलिंग तरी जुळलं.

राहता राहिलं जन्मस्थळ. पासपोर्टवर बेळगाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं, दुरुस्त दाखल्यावर बेळगावी. हे नामांतर 1 नोव्हेंबर 2014 चं, आपण सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस पाळतो त्याच तारखेचं. त्यासाठी खुलाशाचं पत्र जोडलं.

कुणी म्हणेल, गुरुजी, मूळ दुखणं भाषेचं आहे, त्यावर बोला. बोलतोच आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाची सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे देशानं कधीच मान्य केलंय. आपल्याला मराठीत कागद मिळावेत म्हणून मी मोर्चांत चाललोय आणि पुढंही चालेन. पण सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि आज जन्मलेल्या बाळाची नोंद आजच होणार. तिथं उभं राहून नाव वाचून घ्यायला कुठल्याच निकालाची गरज नाही. येत नसेल तर कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला सोबत न्या. इंग्रजी स्पेलिंग स्वतः कागदावर लिहून द्या.

खानापूर-बेळगावकडं कुणाचा कन्नड दाखला वाचून हवा असेल तर मेसेंजरवर फोटो पाठवा. आधार नंबर वगैरे झाकून पाठवा. काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर सांगतो. भाचीचं भाषांतर मला करता आलं नाही, तुमच्या बाबतीत ती अडचण नाही.